औषधाचं कुठलं रूप रक्तात मोजलंय, ते पण विचारा की

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत औषधांच्या दुष्परिणामांवर लेख आला होता. लेख चांगलाच होता, पण त्यात थॅलिडोमाइडबद्दल एक वाक्य होतं, की या औषधाची आरशातल्यासारखी दोन रूपं असतात, एक चांगलं आणि एक विषारी, आणि कंपनीने फक्त चांगलं रूप वेगळं काढून विकलं असतं तर हजारो बाळं वाचली असती. हे वाक्य मी कॉलेजपासून ऐकत आलोय, आमचे सरही असंच शिकवायचे, आता यूट्यूबवर आणि व्हॉट्सअपवर पण तेच फिरतं. पण ते बरोबर नाहीये, आणि का बरोबर नाही हे ज्या कामातून कळलं तेच काम मी करतो, म्हणून हे पत्र. मी बायोअनॅलिटिकल लॅबमध्ये आहे, म्हणजे औषध घेतलेल्या माणसाच्या रक्तात, लघवीत ते औषध किती उरलंय हे मोजणं हाच आमचा रोजचा उद्योग. पत्र लांबेल, कापायचं असेल तर कापा, पण थॅलिडोमाइडचा भाग तेवढा ठेवा प्लीज.

आधी थोडक्यात, ज्यांना केमिस्ट्री सोडून जमाना झाला त्यांच्यासाठी. काही रेणू असे असतात की त्यांचं आरशातलं प्रतिबिंब त्यांच्यावर तंतोतंत बसत नाही, डाव्या पायाची चप्पल उजव्या पायात घातल्यासारखं होतं. वजन तेच, अणू तेच, उकळणबिंदू तोच, सगळं तेच, फक्त हात वेगळा. त्यांना आम्ही आर आणि एस म्हणतो. कारखान्यात साध्या पद्धतीने असा रेणू बनवला की दोन्ही रूपं अर्धी अर्धी बनतात, त्या मिश्रणाला रेसिमिक म्हणतात आणि आपण घेतो त्यातली बरीच औषधं आजही अशीच रेसिमिक विकली जातात, आयबुप्रोफेन घ्या, वॉरफरिन घ्या, बीपीची अम्लोडिपिन घ्या. आता गंमत अशी की आपलं शरीर मात्र एकाच हाताचं बनलंय, प्रोटीन एका हाताची, साखर एका हाताची, त्यामुळे शरीराला या दोन रूपांतला फरक कळतो आणि बाटलीवरच्या लेबलला कळत नाही.

थॅलिडोमाइड पश्चिम जर्मनीत १९५७ ला बाजारात आलं, ग्रुनेन्थाल कंपनीचं, झोपेची आणि गरोदरपणातल्या मळमळीची गोळी म्हणून लोक घ्यायचे, आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये ते मागे घेईपर्यंत जगभरात १०,००० च्या वर बाळं हातापायांचं व्यंग घेऊन जन्मली. अमेरिकेत औषधांना परवानगी देणाऱ्या एफडीए या सरकारी खात्यातल्या फ्रान्सिस केल्सी बाईंनी फाइलवर सही केली नाही म्हणून तिथे ते विक्रीला आलं नाही. हे सगळं तुमच्या लेखात होतं. आता एक चांगलं एक वाईट ही गोष्ट आली कुठून, तर १९७९ साली जर्मनीत ब्लाश्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही रूपं वेगळी करून उंदरांवर प्रयोग केले आणि त्यात एस रूपाने नुकसान केलेलं दिसलं. पण त्याआधी १९६७ लाच सशांवर प्रयोग झाले होते आणि त्यात दोन्ही रूपं सारखीच घातक निघाली होती, शिवाय उंदरांमध्ये या औषधाचा असा परिणाम मुळात नीट दिसतच नाही. तरी पण पुस्तकात गेली ती एक चांगलं एक वाईट हीच गोष्ट, कारण ती सांगायला सोपी.

आणि खरा खुलासा झाला तो रक्तातून. १९९५ च्या सुमारास स्वीडनमध्ये लुंडच्या संशोधकांनी निरोगी पुरुषांना एकेक रूप वेगवेगळं दिलं आणि मग रक्तात दोन्ही रूपं स्वतंत्रपणे मोजली, तर काय, शुद्ध आर दिलं तरी काही तासांत रक्तात एस हजर, आणि उलटंही तसंच. म्हणजे हा रेणू अंगात गेला की स्वतःच हात बदलत राहतो, आर चा एस, एस चा आर. कंपनीने कितीही शुद्ध आर बाटलीत भरलं असतं तरी आईच्या रक्तात दोन्ही पोचलंच असतं. आता विचार करा, त्या लोकांनी रक्तात नुसतं थॅलिडोमाइड एकूण किती एवढंच मोजलं असतं तर हे कधी कळलं असतं का? एकूण आकडा तर तोच राहिला असता ना. एवढंच माझं म्हणणं आहे, बाटलीत वेगळं करणं एक काम आणि माणसाच्या रक्तात वेगवेगळं मोजणं हे दुसरं काम, आणि दुसरं केल्याशिवाय पहिल्याबद्दल कुणी छातीठोक दावे करू नयेत.

आता हे मोजणं इतकं सोपं असतं तर सगळ्यांनीच केलं असतं. आमच्याकडे एलसी-एमएस/एमएस नावाचं मशिन असतं, कोटी रुपयांच्या घरातलं, ते एका मिलीलिटर प्लाझ्मात, म्हणजे पेशी काढून उरलेल्या रक्ताच्या पाण्यात, काही नॅनोग्रॅम औषध असलं तरी पकडतं, नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग. पण हे मशिन रेणू ओळखतं वजनावरून आणि त्याचे तुकडे केले की ते कसे पडतात त्यावरून, आणि आर आणि एस दोघांचं वजन एक, तुकडे एक. त्यामुळे एवढं महागडं मशिन या बाबतीत ठार आंधळं. फरक दाखवायचं काम करावं लागतं त्याच्या आधी लावलेल्या कॉलमला, म्हणजे ज्या बारीक नळीतून नमुना आधी जातो तिला, आणि तो कॉलमही एका हाताचाच पाहिजे, नाहीतर दोन्ही रूपं एकाच वेळी बाहेर पडतात आणि स्क्रीनवर एकच पीक, म्हणजे ग्राफमधला उंचवटा, दिसतो, अगदी सुंदर, टोकदार, आणि बघणाऱ्याला वाटतं काम झालं.

पहिल्यांदा अशा रेणूची दोन रूपं वेगळी केली ती लुई पाश्चरने, १९४८ नाही हं, १८४८ साली, आणि ती चक्क चिमट्याने, टार्टारिक अ‍ॅसिडच्या एका क्षाराचे डावे उजवे स्फटिक भिंगाखाली वेचून. तेव्हाचे ज्येष्ठ शास्त्रज्ञ, म्हातारे बियो साहेब इतके संशयी की त्यांनी स्वतःसमोर पुन्हा करून दाखवायला लावलं. पण रक्तात कुठले स्फटिक. तिथे उपयोगी पडल्या त्या खूप नंतरच्या गोष्टी, १९६६ ला इस्रायलमध्ये गिल-अव्ह यांनी गॅस क्रोमॅटोग्राफीवर, म्हणजे मिश्रणाची वाफ कॉलममधून नेऊन, अमिनो आम्लांची रूपं वेगळी केली, पुढे अमेरिकेत पर्कल यांचे कॉलम आले, आर्मस्ट्राँग यांनी सायक्लोडेक्स्ट्रिन ही साखरेच्या रेणूंची कडी आणि नंतर १९९४ ला तर व्हँकोमायसिनसारखी अँटिबायोटिक कॉलमला बांधून वापरली. पण आमच्या धंद्यात आज सगळ्यात जास्त चालतात ते जपानच्या योशिओ ओकामोतो यांनी १९८०च्या दशकात काढलेले कॉलम. त्यात असतं काय तर सेल्युलोज, म्हणजे कापसात, लाकडात असतं ते, किंवा स्टार्चमधलं अमायलोज, त्याला थोडा केमिकल मेकअप करून सिलिकाच्या बारीक कणांवर लावतात. सेल्युलोज मुळात एकाच हाताच्या ग्लुकोजचं बनलेलं, म्हणून औषधाचं एक रूप त्याला जरा जास्त वेळ चिकटून राहतं आणि दुसरं आधी सुटतं. फरक कधी चार मिनिटांचा, कधी अर्ध्या मिनिटाचाही नाही. असा एक कॉलम लाखाच्या घरात जातो आणि चुकीचं सॉल्व्हंट गेलं की एका दुपारी मरतो, त्यामुळे लॅबमध्ये नव्या पोरांना त्याला हात लावू देत नाहीत.

आणि कॉलम चालला तरी संपत नाही. व्हॉलंटिअरचं रक्त काढलं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं, प्लाझ्मा उणे ७० अंशाला ठेवला, मग प्रोटीन बाहेर काढायला त्यात अ‍ॅसिटोनायट्राइल घातलं, या सगळ्या भानगडीत रेणूने वाटेतच हात बदलला तर? थॅलिडोमाइडच्या बाबतीत हीच भीती असते, नुसतं रक्त टेबलावर राहिलं तरी आर चा एस होत राहतो, म्हणून नमुना घेतल्या घेतल्या त्यात सायट्रेट बफर टाकून तो आम्लधर्मी करावा लागतो, तेव्हा कुठे ते थांबतं. अशा मेथडची परीक्षा घ्यायची तर शुद्ध आर कोऱ्या प्लाझ्मात घालायचं, सगळ्या पायऱ्यांतून न्यायचं आणि शेवटी एस चा पीक दिसतोय का ते बघायचं. दिसला तर तो पेशंटच्या अंगात झालेला नाही, आपण केलेला आहे. ही साधी टेस्ट ज्या रिपोर्टमध्ये नसेल तो रिपोर्ट मी तरी बाजूला ठेवतो.

आता तुम्ही म्हणाल इतका खटाटोप कशाला, एकूण किती ते मोजा आणि मोकळे व्हा. १९८४ साली नेदरलँड्सचे औषधशास्त्रज्ञ आरिएन्स यांनी यावरच सगळ्यांची बिनपाण्याने केली होती, रेसिमिक औषधाचा एकूण आकडा मोजून त्यावर ग्राफ आणि समीकरणं मांडणं हा भारदस्त दिसणारा निरर्थकपणा आहे अशा शब्दांत. कडक वाटतं, पण व्हेरापामिलचं उदाहरण बघा. हृदयाच्या ठोक्यांसाठीचं औषध, जुनं, रेसिमिक. डॉक्टरांच्या लक्षात आलं की शिरेतून दिलं तर रक्तात अमुक इतकं असताना जो परिणाम दिसतो तोच परिणाम गोळीने आणायला रक्तात दुप्पट तिप्पट औषध लागतं. हे कसं काय, औषध तेच, रक्त तेच. मग जर्मनीत आयकेलबाऊम यांच्या गटाने १९८०च्या दशकात दोन्ही रूपं वेगवेगळी मोजली तेव्हा कोडं सुटलं. काम करणारं रूप एस, पण गोळी पोटातून यकृतात गेली की यकृत त्या एस चाच आधी फडशा पाडतं, रक्तापर्यंत पोचतं साधारण २० टक्के, आणि त्या मानाने कमी कामाचं आर पोचतं ५० टक्के. म्हणजे गोळी घेतलेल्याच्या रक्तातला मोठा आकडा बराचसा कमी कामाच्या रूपाचा होता. शिरेतून दिलं तर यकृताचा हा पहिला टोल चुकतो. एकूण आकडा खोटा नव्हता, पण त्याचा अर्थ लावता येत नव्हता.

अम्लोडिपिन तर आपल्याकडे घराघरात आहे. तिच्यात कॅल्शियमचा रस्ता अडवणारं रूप एस, आर त्या कामात जवळजवळ शून्य. रक्तातून निम्मं व्हायला एस ला ५० तासांच्या आसपास लागतात, आर ला ३५ च्या आसपास, आणि दोन्ही मिळून मोजलं तर येतात ४४ तास, म्हणजे असा आकडा जो दोघांपैकी कुणाचाच नाही. चांगली गोष्ट अशी की अम्लोडिपिन थॅलिडोमाइडसारखी अंगात हात बदलत नाही, एस दिलं तर एसच राहतं, हेही रक्तात मोजूनच कळलेलं आहे. पुण्याच्या एम्क्युअरने एस-अम्लोडिपिन भारतात आणली आणि ५ मिलीग्रॅमच्या जागी २.५ चालायला लागली, त्यामागे हा हिशेब आहे आणि तो पटण्यासारखा आहे. पण सगळीकडे असा नाही. आयबुप्रोफेनमध्ये काम करणारं रूप एस, आणि आर चं निम्म्याहून जास्त शरीर स्वतःच एस करून टाकतं, एकाच दिशेने, उलटं नाही, त्यामुळे निम्मी गोळी वाया जाते असं जे कुणी सांगतं ते पूर्ण खरं नाही. ओमेप्राझोलमध्ये तर दोन्ही रूपं पोटातल्या आम्ल बनवणाऱ्या पेशींपाशी पोचली की तिथल्या आम्लात एकाच कामाच्या पदार्थात बदलतात आणि त्या पदार्थाला हातच नसतो, फरक येतो तो फक्त यकृत कुणाला किती लवकर संपवतं यात. तरी एसोमेप्राझोल किती थाटात विकलं गेलं ते सगळ्यांना माहिती आहे. हे सगळं एका तराजूत तोलता येत नाही हो, प्रत्येक औषधाचं रक्त वेगळं मोजावं लागतं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं तर आणखी विचित्र. वॉरफरिनमध्ये एस जास्त ताकदीचं आणि तेच मुख्य काम करतं. तिच्याच घरातली असिनोकुमारोल, जी आपल्याकडे हृदयाची झडप बदललेले लोक बऱ्याचदा घेतात, तिच्यातही एस मूळचं जास्त ताकदीचं, पण ते इतक्या लवकर अंगाबाहेर पडतं की प्रत्यक्षात बहुतेक काम आर करतं. आता ज्याच्या यकृतातलं, हे एस संपवणारं सीवायपी २सी९ एन्झाइम जन्मतःच मंद आहे त्याच्यात एस रेंगाळतं आणि नेहमीचाच डोस जड जातो, रक्तस्रावाची भीती वाढते. इथे लगेच सांगतो, या पेशंटना औषध रक्तात किती हे मोजायची गरज नसते, त्यांचं आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, बघतात आणि तेच योग्य आहे, उगाच कुणी हे पत्र घेऊन लॅबमध्ये जाऊ नका आणि गोळी तर अजिबात स्वतःहून बंद करू नका.

लघवीचं पण सांगतो, कारण तिथे माणसाचं नाव जातं. २००२ च्या सॉल्ट लेक सिटीच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनचा अ‍ॅलन बॅक्स्टर स्लालममध्ये तिसरा आला, त्यांच्या देशाचं अल्पाइन स्कीइंगमधलं पहिलंच पदक. मग लघवीत मेथअँफेटामिनचा अंश सापडला. तो निघाला नाक चोंदल्यावर वापरायच्या व्हिक्स इनहेलरमधून, जो त्याने अमेरिकेत घेतला होता, ब्रिटनमधल्या त्याच नावाच्या इनहेलरमध्ये हे नसतं, आपल्याकडच्यातही मेंथॉल कापूर असतो. त्या अमेरिकी इनहेलरमध्ये होतं ते लेव्हो म्हणजे डावं रूप, नाक मोकळं करणारं, आणि नशा करणारे घेतात ते मुख्यतः डेक्स्ट्रो म्हणजे उजवं, मेंदूवर जोरात काम करणारं. त्याच्या बाजूचं म्हणणं हेच की कुठलं रूप आहे ते वेगळं करून बघा. पण तेव्हाच्या नियमाने मेथअँफेटामिन म्हणजे मेथअँफेटामिन, डावं उजवं काही नाही. क्रीडा लवादाने तो प्रामाणिक माणूस आहे, फायदा उठवायचा त्याचा हेतू नव्हता हे मान्य केलं आणि तरी पदक गेलंच. खेळातल्या उत्तेजकांवर बंदी घालणाऱ्या वाडा या संस्थेच्या आजच्या यादीत ही दोन रूपं वेगवेगळी लिहिलेली असतात, बंदी दोन्हीवर आहे पण गांभीर्य सारखं धरत नाहीत. पार्किन्सनसाठी सेलेजिलिन घेणाऱ्या आजोबांच्या लघवीतही लेव्हो मेथअँफेटामिन येतं, शरीरच ते बनवतं, आणि साध्या ड्रग टेस्टला ते आजोबा आणि व्यसनी माणूस यांच्यात फरक करता येत नाही. कायरल टेस्ट, म्हणजे दोन्ही हात वेगळे दाखवणारी, लावली की लगेच कळतं.

नियम काय सांगतात ते पण लिहितो म्हणजे कुणी मला एकांगी म्हणणार नाही. अमेरिकेच्या एफडीएने १९९२ ला धोरण काढलं की नवीन औषधाचा रेणू असा दोन हातांचा असेल तर दोन्ही रूपांची वेगळी माहिती लवकरच जमवा, त्यासाठी मोजायच्या पद्धती आधीच तयार ठेवा. जुन्या औषधाची कॉपी, म्हणजे जेनेरिक, तपासताना मात्र युरोपात आणि अमेरिकेतही बऱ्याचदा एकूण आकडा चालतो, वेगवेगळं मोजायला तेव्हाच सांगतात जेव्हा दोन्ही रूपांचं काम वेगळं, रक्तातला प्रवास वेगळा आणि औषध किती वेगाने शोषलं जातं त्यावर दोघांचं प्रमाण बदलत असेल. मला ही सवलत चुकीची वाटत नाही, गरज नसताना महाग टेस्ट करून गोळी महाग करण्यात काय अर्थ. माझी तक्रार आहे ती सवलतीचा आळस होतो तेव्हा. आमच्याच धंद्यात असे प्रोटोकॉल, म्हणजे चाचणीचे लेखी आराखडे, पाहिलेत जिथे कायरल कॉलम का लावला नाही याचं कारण एका ओळीत, मागच्या प्रोटोकॉलमधून कॉपी पेस्ट, औषधाचं नावसुद्धा बदलायचं राहिलेलं. कुणाचा ते सांगत नाही, पण असे पाहिलेत.

आणि दुसरी तक्रार दवाखान्याच्या दारात. एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, येतो, चकचकीत कार्डावर शुद्ध आयसोमर (म्हणजे एकच रूप), निम्मा डोस, दुष्परिणाम कमी असं छापलेलं असतं, डॉक्टर बिचारे दोन मिनिटांत ऐकतात. त्या कार्डावर शुद्धता असते ती गोळीतली. माणसाच्या प्लाझ्मात ते रूप तसंच राहतं का, किती तास राहतं, जुन्या रेसिमिक गोळीतून तेच रूप जितकं मिळत होतं तितकंच मिळतंय का, हा तक्ता मला त्या कार्डावर क्वचितच दिसलाय. एस-अम्लोडिपिन, लेव्होसेट्रिझिन, एस्सिटालोप्राम यांच्यासाठी हा डेटा उपलब्ध आहे, मग छापायला काय हरकत आहे. आणि ज्याचा नाही त्याच्याबद्दल निम्मा डोस पुरे हे वाक्य कशाच्या जोरावर. पेशंटने हे विचारावं अशी माझी अपेक्षा नाही, डॉक्टरांनी विचारावं, आणि तुमच्यासारख्या पेपरने आरोग्याच्या पानावर नवीन गोळीची बातमी घेताना कंपनीच्या प्रेस नोटला हा एक प्रश्न जोडून पाठवावा: दोन्ही रूपं माणसाच्या रक्तात वेगवेगळी मोजली आहेत का, आणि मोजताना नमुन्यात हात बदलत नाही हे तपासलंय का. उत्तर नाही आलं तर बातमीत तसं लिहा.

थॅलिडोमाइड आजही वापरात आहे, कुष्ठरोगातल्या एका त्रासदायक रिअ‍ॅक्शनसाठी आणि मायलोमा नावाच्या कॅन्सरसाठी, आपल्याकडेही पेशंट घेतात, आणि ते रेसिमिकच आहे कारण वेगळं करून उपयोग नाही. त्यातल्या कुणी तुमचा लेख वाचून मला चांगलं रूप द्या म्हणून डॉक्टरकडे हट्ट धरला किंवा शुद्ध रूप आहे म्हणून गर्भधारणेची काळजी सैल केली तर ते फार वाईट होईल. म्हणून पुढच्या रविवारी त्या एका वाक्याची दुरुस्ती छापा, त्याच पानावर, आणि मथळ्यात चांगला रेणू वाईट रेणू असं काही टाकू नका.

आपला,
एक जुना वाचक, नवी मुंबई